मुलांची झोप आणि मनातील भीती

(सत्तरी तालुक्यातील एका विद्यालयाच्या पालक-शिक्षक संघाच्या सभेत खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. काही स्थानिक उल्लेख गाळले आहेत.)



प्रसिद्धी अधिकारी व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे आता एखाद्या नव्या योजनेची माहिती मिळणार, अर्ज कोठे करावा, दाखले कोणते जोडावेत हे ऐकावयास मिळणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ती रास्तही आहे, कारण गेली वीस वर्षे मी बहुतांशी तेच काम करीत आलो आहे. आज मात्र मजजवळ सांगण्यासारखी योजना नाही. आपल्या मुख्याध्यापिका बाईंनी आमच्या खात्याला एक पत्र पाठविले होते. पहिल्या तासाला मुले फळ्याकडे पाहता पाहता माना टाकतात, काही तर बालरथातच झोपी जातात व त्यांना हलवून उतरवावे लागते, तरी ‘मोबाईलचे दुष्परिणाम’ या विषयावर एखादे भाषण ठेवावे, अशी त्यांची सूचना होती. मी बाईंना दूरध्वनी करून विचारले, “या मुलांपैकी मोबाईल पाहून जागणारी किती आणि झोप येतच नाही म्हणून जागणारी किती, हे आपण पाहिले आहे काय?” बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “हा प्रश्न आम्ही मुलांना विचारलाच नाही.” म्हणून आजचा विषय बदलला आहे.

मोबाईलचा दोष नाही असे मी म्हणत नाही. जागणाऱ्या मुलांपैकी बरीचशी त्याचीच शिकार असतील. परंतु त्यांच्यासाठी उपाय काय हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तो करण्याचे धैर्य तेवढे हवे, कारण प्रथम आपल्या स्वतःच्या हातातला मोबाईल खाली ठेवावा लागतो. मला बोलावयाचे आहे ते दुसऱ्या मुलांविषयी. दिवा मालवला की ज्यांचे डोळे मिटण्याऐवजी उघडतात, अशी ही मुले आहेत. ती दंगा करीत नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

मी कला शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध आरोग्य खात्याची पत्रके सोप्या मराठीत उतरविण्यापुरता. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे आपण विचाराल. माझा अधिकार एवढाच की, या बाबतीत मी स्वतः चुकलेला बाप आहे. जी हकीकत सांगणार आहे ती माझ्या मुलीची आहे, आणि तिची अनुमती घेऊनच मी ती सांगत आहे.

ती तिसरीत असताना माझ्या मातोश्री वारल्या. पहाटे त्यांना उठवावयास गेलो तेव्हा प्राण गेलेला होता. बारा दिवस घरी समाचाराला माणसे येत होती आणि प्रत्येक जण आमचे सांत्वन एकाच वाक्याने करीत होता. “झोपेतच गेली, कोणाला कळलेसुद्धा नाही, पुण्यवान बाई!” आम्हां मोठ्यांना त्या वाक्याने खरोखर धीर येत होता. पाण्याचे तांबे आणून देणारी आठ वर्षांची मुलगीही तेच वाक्य ऐकत होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

बारावे उरकले आणि मुलीची झोप उडाली. आरंभी तिला पाणी हवे असे. मग पोटात दुखू लागले. मग भिंतीवर पाल आहे अशी तक्रार. दिवा लावून पाल नाही हे दाखविले की दहा मिनिटांनी पुन्हा हाक, “बाबा, तुम्ही झोपलात का?” मध्यरात्री केव्हा तरी जाग यावी तर ही अंथरुणात उठून बसलेली, आईकडे टक लावून पाहत. मी तिला काय म्हणालो असेन? “उद्या शाळा आहे, नाटके पुरे!” एकदा हातही उगारला. आमच्याच कार्यालयातून मुलांच्या मानसिक आरोग्यासंबंधी एक पत्रक निघाले होते आणि त्याची मुद्रिते मीच तपासली होती, हे सांगताना आज मला संकोच होतो.

शेजारच्या एका वयस्क बाईंनी मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली. एका डॉक्टरांनी शक्तिवर्धक औषध लिहून दिले. दुसऱ्यांनी वयाबरोबर जाईल म्हणून सांगितले. असे तीन महिने गेले. मुलगी वर्गात पेंगू लागली, तिचे शुद्धलेखन बिघडले, आणि रविवारी रात्री तिला हटकून उलटी होऊ लागली.

हा गुंता सोडविला तो तिच्या वर्गशिक्षिकेने. आम्ही घरात तिला रोज विचारीत होतो, “तू झोपत का नाहीस?” या प्रश्नात प्रश्नापेक्षा आरोपच अधिक, म्हणून त्याला उत्तर मिळत नसे. बाईंनी मधल्या सुटीत तिला जवळ बसवून निराळेच विचारले. “रात्री जागून तू काय करतेस ग?” मुलीने लगेच सांगितले, “पहारा करते. आई नि बाबा झोपेत जाऊ नयेत म्हणून.”

श्रोतेहो, ‘झोपेत गेली’ हे आपल्या भाषेतले किती सौम्य वाक्य! मरण हा शब्द टाळण्यासाठीच आपण ते वापरतो. पण त्या बालबुद्धीला त्यातून एकच अर्थ कळला होता, की झोप ही माणसांना नेणारी गोष्ट आहे. आई पांघरूण ओढून घेई तो क्षण तिच्या दृष्टीने संकटाचा. अशा घरात मुलाला झोप यावी तरी कशी?

आता शास्त्र काय सांगते ते थोडक्यात पाहू. झोप ही आज्ञेने येत नाही. आपण निर्धास्त आहोत अशी शरीराची खात्री पटली म्हणजे ती येते. मनात धास्ती असेल तर शरीर संकटाला तोंड देण्याच्या तयारीत राहते. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, कान बारीकसारीक आवाज टिपू लागतात. दिवसा खेळ, अभ्यास, मित्र यांच्या गलबल्यात ही धास्ती दबून राहते. रात्री सर्वत्र सामसूम झाली की तिला मोकळे रान मिळते. शिवाय हा व्यवहार दुहेरी आहे. भीतीमुळे झोप जाते, आणि झोप अपुरी झालेले मूल दुसऱ्या दिवशी अधिकच भित्रे, रडवे व चिडके होते. रात्रीचे कर्ज दिवसा फेडावे लागते आणि दिवसाचे पुन्हा रात्री.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंधाराची, राक्षसाची, मोठ्या आवाजाची भीती वाटणे हे वाढीचेच लक्षण आहे. बहुतेकांची ती आपोआप ओसरते. परंतु काही मुलांच्या बाबतीत भीती वयाला न शोभेल इतकी मोठी होते, आठवडेच्या आठवडे टिकते आणि शाळा, जेवण, खेळ या सर्वांवर तिची छाया पडते. त्यालाच वैद्यक चिंताविकार म्हणते. आईवडिलांपासून ताटातूट होईल ही भीती चार आठवड्यांहून अधिक टिकून राहिली आणि तिने मुलाच्या नित्यक्रमात अडथळा आणला, तर तज्ज्ञ तिची विकार म्हणून दखल घेतात. रात्री एकट्याने झोपण्यास नकार आणि ताटातुटीची दुःस्वप्ने ही त्या विकाराची मान्य लक्षणेच आहेत. सहा ते सतरा वर्षे वयाच्या चिंताविकारग्रस्त १२८ मुलांचा एक अभ्यास अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी शेकडा ८८ मुलांना झोपेची किमान एक तक्रार होती, आणि निम्म्याहून अधिक मुलांना तीन किंवा त्याहून जास्त. म्हणजे झोपेची तक्रार हे या विकाराचे एखादे गौण उपांग नव्हे. पुष्कळदा घरच्यांना प्रथम दिसते ती तीच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या देशात मुलाला लहानपणापासून स्वतंत्र खोलीत निजविण्याची रीत आहे. मूल एकटे झोपावयास नाकारू लागले की आईबापांना शंका येते. आपल्या घरी आजी, नातवंडे, आई सारी एकाच खोलीत ओळीने अंथरुणे घालतात. हे वाईट आहे असे मी मुळीच मानत नाही. मुलाला माणसांची ऊब मिळते ती भाग्याचीच गोष्ट. पण त्यामुळे पाश्चात्त्य पुस्तकातले ते लक्षण आपल्याकडे दिसतच नाही. भ्यालेले मूल सर्वांच्या मध्ये निजते आणि जागत राहते. तेव्हा आपल्याला दुसऱ्या खुणा पाहाव्या लागतील. मूल झोपताना आईचा पदर किंवा आजीचे बोट घट्ट धरून ठेवते काय? दाराची कडी लावली की नाही हे पुनःपुन्हा विचारते काय? आईला न्हाणीघरापर्यंतदेखील एकटी जाऊ देत नाही काय? मामाच्या गावी राहावयाचे ठरले की ऐनवेळी त्याचे पोट दुखते काय? वडील दुबईला किंवा बोटीवर नोकरीला गेलेली कितीतरी मुले आपल्या गोव्यात आहेत. घरचा फोन रात्री वाजला की जे मूल ताडकन उठून बसते, त्याच्याकडे लक्ष द्यावे. नदीकाठच्या वस्तीत २०२१ च्या जुलैत ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांपैकी काही मुले पुढेही पावसाचा जोर वाढला की झोपत नसत, असे त्यांच्या पालकांनीच मला सांगितले आहे. त्या वेळी आम्ही पंचनाम्यांची छायाचित्रे काढीत हिंडत होतो. भिंती किती पडल्या, भांडी किती वाहून गेली, याची नोंद झाली. झोपेची नोंद करण्यास पंचनाम्यात रकाना नसतो.

आता रात्री दचकून उठणाऱ्या मुलांविषयी. यात दोन अगदी भिन्न प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाल्याने घरोघरी फार घबराट होते. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन या संशोधकांनी असे प्रसिद्ध केले की, झोपेत ठरावीक काळाने माणसाची बुबुळे मिटल्या पापण्यांआड भराभर हालू लागतात आणि स्वप्ने मुख्यतः त्याच काळात पडतात. यांपैकी ॲसेरिन्स्कीने आरंभीचे प्रयोग आपल्या आठ वर्षांच्या मुलावर केले होते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप अधिक असते, तर ही स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते.

यावरून ओळखण्याची सोपी खूण मिळते. निजल्यानंतर एकदोन तासांतच मूल किंचाळून उठले, डोळे उघडे आहेत, अंगाला घाम सुटला आहे, पण आईलाही ओळखत नाही, समजूत घालू गेल्यास झटकून टाकते, आणि सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही, तर तो गाढ झोपेतून अर्धवट जाग येण्याचा प्रकार होय. पाहणाऱ्याला तो अत्यंत भयंकर वाटतो. याच वेळी ‘बाहेरचे काहीतरी लागले’ अशी कुजबुज सुरू होते. वस्तुतः ही बाधा नव्हे. अतिश्रम, ताप, जागरण यांनी हा प्रकार वाढतो आणि तो पुष्कळदा घराण्यातही असतो. मुलाला हलवून जागे करण्याचा प्रयत्न करू नये. ते पडणार नाही, त्याला काही लागणार नाही, एवढे पाहावे. थोड्या वेळाने ते पुन्हा झोपी जाते. याउलट पहाटेच्या सुमारास मूल पूर्ण जागे होऊन रडू लागले, आईला बिलगले आणि काय दिसले ते सांगू शकले, तर ते दुःस्वप्न. चिंतेशी नाते आहे ते विशेषेकरून याचे. त्याला जवळ घ्यावे, ऐकून घ्यावे. ‘काही नाही, झोप’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नये.

दृष्ट काढू नये काय, असे मला एका गावी विचारण्यात आले होते. आजीच्या हाताने मुलाला माया मिळत असेल तर त्या मीठ-मिरचीशी माझे भांडण नाही. परंतु ‘तुला कोणीतरी काही केले आहे’ हे शब्द मुलाच्या कानांवर पडता कामा नयेत. आधीच भ्यालेल्या जिवाला आपण एक नवे भय कायमचे देऊन बसतो. आणि दृष्ट काढली म्हणून दवाखान्यात जाणे लांबणीवर पडू नये.

शब्दांचा मुलाच्या भीतीवर केवढा परिणाम होतो याचे उदाहरण आपल्याच भूमीत आहे. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आपण सर्वांनी पाहिला आहे. १७५६ साली कांदोळीस जन्मलेला हा धर्मोपदेशक पुढे पॅरिसमध्ये मोहनिद्रेच्या विद्येबद्दल विख्यात झाला. त्याच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, तरुणपणी पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करण्याचा प्रसंग आला असता त्याची बोबडी वळली. जवळच बसलेल्या वडिलांनी कोकणीतून हळूच सांगितले की, ही सगळी भाजी आहे, काप ती भाजी. त्याबरोबर त्याची भीती पळाली आणि तो अस्खलित बोलला. बापाच्या चार शब्दांनी हे कसे घडले, याचा विचार त्याने पुढे जन्मभर केला म्हणतात. ती आख्यायिका असो. परंतु १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात त्याने एक गोष्ट आग्रहाने मांडली, ती अशी की, ही निद्रा प्रयोग करणाऱ्याच्या अंगच्या कोणत्याही गूढ शक्तीने येत नसून ज्याला ती येते त्याच्या स्वतःच्या मनातूनच येते.

त्या पुतळ्यावरून मी रोज कार्यालयात जातो आणि हटकून माझ्या मनात येते की, फारियाच्या बापाने चार शब्दांनी भीती घालविली आणि आम्ही चार शब्दांनी ती घालतो. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’, ‘पोलिसाला देईन’, ‘आई सोडून जाईल हं!’ हे आपण मुलाला निजविण्यासाठी म्हणतो! यांतले शेवटचे वाक्य तर घरातून हद्दपारच झाले पाहिजे. धीट मूल ते हसण्यावारी नेते. चिंताळू मूल ते शब्दशः खरे मानते आणि त्या रात्रीपासून आईवर नजर ठेवू लागते.

मग करावे काय? धाकाने भीती जात नाही हे उघड आहे. परंतु अतिमायेनेही ती जात नाही, हे मला फार उशिरा समजले. मूल भ्याले म्हणून त्याला भीतीच्या प्रत्येक प्रसंगापासून दूर ठेवले, शाळा चुकविली, रात्रभर दिवा ठेवला, शंभर वेळा ‘काही होणार नाही’ म्हणून सांगितले, तर त्या रात्रीपुरते भागते. पण मूल मनाशी असे धरते की, ज्याअर्थी मोठी माणसे एवढी काळजी घेतात त्याअर्थी धोका खरोखरच असला पाहिजे. खरा मार्ग या दोहोंच्या मधून जातो आणि त्याच्या पायऱ्या लहान असतात. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला भिणाऱ्या, तीन वर्षांच्या आतल्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलाला आवडीचा खाऊ देत असताना पिंजऱ्यातला ससा त्या दूर ठेवीत व दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणीत. शेवटी तो मुलगा सशाच्या अंगावरून हात फिरवू लागला. मुलांच्या भीतीवरील आजच्या वर्तनोपचाराचे एक मूळ येथे सापडते.

माझ्या मुलीचा ‘ससा’ म्हणजे आमची झोप. समुपदेशक बाईंच्या सल्ल्याने आम्ही प्रथम बोलणे सुधारले. आजीला हृदयाचा विकार होता, तिचे हृदय थांबले. ती झोपली होती म्हणून गेली नाही. जागी असती तरी गेली असती. असे स्पष्ट शब्दांत सांगितले. मरण हा शब्द मुलीसमोर उच्चारताना माझाच आवाज कापत होता. मुलगी मात्र शांतपणे ऐकत होती. नंतर तिने विचारले, “मग हे आधी का नाही सांगितले?”

दुसरी गोष्ट म्हणजे काळजीची वेळ ठरविली. दिवेलागणीपूर्वी दहा मिनिटे ती आणि तिची आई ओसरीवर बसत. मनातल्या साऱ्या काळज्या एका वहीत उतरवावयाच्या, त्यांवर बोलावयाचे आणि वही कपाटात ठेवावयाची. रात्री शंका आलीच तर उत्तर एकच, “वहीत लिहून ठेवू, उद्या बोलू.” तिसरी गोष्ट तिच्या पहाऱ्याची. तो एकदम बंद करा असे आम्ही सांगितले नाही. पहिला आठवडा तिने दर पंधरा मिनिटांनी आम्हांला पाहून घ्यावे; पुढचा आठवडा अर्ध्या तासाने; मग निजताना एकदा आणि सकाळी उठल्यावर एकदा. बहुतेक वेळा अर्धा तास भरण्यापूर्वीच तिचा डोळा लागे. मध्यंतरी तिच्या आईला ताप आला आणि सारे पुन्हा पहिल्यावर आले. मी तर हताशच झालो होतो. परंतु दुसऱ्या खेपेस त्याच पायऱ्या ती लवकर चढली. एकंदरीत अडीच महिने लागले.

याच्या जोडीला नित्याची पथ्ये असतातच. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाचे नऊ ते बारा तास झोप लागते आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास. ज्या मुलाला बालरथ गाठण्यासाठी सहाला उठावयाचे आहे त्याचा डोळा रात्री नऊपर्यंत लागला पाहिजे, हा साधा हिशेब आहे. आपल्याकडे मालिका संपल्याशिवाय पाने मांडली जात नाहीत, त्याला काय करणार! संध्याकाळनंतर मुलांना चहा-कॉफी देऊ नये. निजण्याची व उठण्याची वेळ रविवारीही फार बदलू नये. निजण्यापूर्वी तासभर पडदा कोणताच नको, आणि अपघातांच्या बातम्या तर मुळीच नकोत. गोष्ट अवश्य सांगावी, पण भुताची नव्हे.

औषधोपचाराविषयी मी बोलणार नाही; तो डॉक्टरांचा प्रांत. दोनच सूचना करतो. पहिली अशी की, न झोपणारे प्रत्येक मूल चिंतेनेच जागते असे नाही. जंत झाले असता रात्री खाज सुटते. टॉन्सिल किंवा नाकामागील ग्रंथी वाढल्यास मूल घोरते आणि त्याचा श्वास अडखळतो. दम्याचा खोकला रात्री बळावतो. रक्तात लोह कमी असल्यास पाय स्वस्थ राहत नाहीत. म्हणून प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलाला तपासून घ्यावे. दुसरी अशी की, मूल झोपावे म्हणून घरातले खोकल्याचे औषध त्याला पाजण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे, ती सर्वथा सोडून द्यावी.

चिंताविकार बरे होण्यासारखे आहेत. अमेरिकेत सात ते सतरा वर्षांच्या ४८८ मुलांवर केलेल्या बारा आठवड्यांच्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. मन व वर्तन यांना वळण लावणाऱ्या संभाषणाच्या उपचाराने शेकडा ६० मुलांत चांगली सुधारणा दिसली, औषधाने शेकडा ५५, दोन्ही एकत्र दिल्यास शेकडा ८१, आणि निव्वळ औषधासारख्या दिसणाऱ्या गोळीने शेकडा २४. आपल्याकडे यासाठी बांबोळीची मनोरोग व मानवी वर्तन संस्था आहे. परंतु ‘बांबोळीला नेले’ या शब्दांना आपल्या बोलण्यात जो डंख आहे, त्यानेच पुष्कळ पालक पायरी चढत नाहीत. माझी पत्नी आणि मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो, आणि समोरच्या बाकावर आमच्याच कार्यालयातले एक सद्गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन तसेच बसले होते! पुढे आमची चांगली मैत्री झाली. ज्यांना इतक्या दूर जाणे जमत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. तो विनामूल्य आहे आणि अहोरात्र चालतो. ही तेवढी योजनेची माहिती. माझी सवय मोडत नाही.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. पेंगणाऱ्या मुलाला बाकावर उभे करणे सोपे आहे, आणि वर्गात पन्नास मुले असताना दुसरे काही सुचत नाही हेही मी जाणतो. परंतु वारंवार पेंगणारे, सोमवारी सकाळी पोटदुखीची तक्रार करणारे, लिहिलेले खोडून खोडून कागद फाडणारे, चाचणीच्या आधी पांढरे पडणारे मूल दिसले तर त्याला एकदा बाजूला घेऊन रात्रीविषयी विचारावे. आईला मुलाची रात्र दिसते, शिक्षकाला दिवस दिसतो, आणि पुष्कळदा वर्षभरात या दोघांची गाठ पडते ती केवळ प्रगतिपुस्तकावरील सहीपुरती. आमच्या बाबतीत त्या बाईंनी चार वाजता आमच्या दारात येऊन चहाच्या कपावर ती गोष्ट सांगितली नसती, तर मी अजूनही पालीच शोधत बसलो असतो.

मुख्याध्यापिका बाईंनी मला अशी सूचना दिली आहे की, चहापान झाल्यावर आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई आणि समुपदेशक पाचवीच्या वर्गात बसणार आहेत. ज्या पालकांना आपल्या मुलाबद्दल खाजगीत काही विचारावयाचे असेल त्यांनी मागच्या व्हरांड्याने जावे. पुढच्या दाराने गेल्यास सर्वांना दिसते, म्हणून त्यांनी ती व्यवस्था मुद्दाम केली आहे. नाव नोंदविण्याची आवश्यकता नाही. मीही तेथेच आहे.